मुलाच्या अंगणात आलेली शाळा

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेला कर्जत तालुका हा अहिल्यानगर जिल्ह्यातील अवर्षणाचा मुलूख होय. तेथील वाड्यावस्त्यांवरही ‘अंगणवाडी’ हा शब्द आज घरोघर माहीत आहे. परंतु तो सरकारी कचेरीत जन्मला नाही, आणि जन्मला तेव्हा शिक्षकाच्या कर्तव्याविषयीचा एक कठोर विचार त्याच्या पोटी होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

त्या विचाराचे मूळ शोधू गेल्यास प्रथम भावनगरला जावे लागते. मूळचे वकील असलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडले. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहराच्या एका गरीब वस्तीत केलेला प्रयोग त्यांच्यासमोर होता. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

या मंडळींनी छडी वर्ज्य केली, यात कोणास नवल वाटले नसते. पण त्यांनी बक्षीसही वर्ज्य मानले. शेजारच्या मुलाशी तुलना करून आपल्या मुलाची योग्यता ठरविणाऱ्या पालकांना हे चमत्कारिक वाटणे साहजिक होते. तथापि त्यामागील युक्तिवाद सरळ आहे. शिक्षेच्या भयाने काय किंवा बक्षिसाच्या लोभाने काय, मूल हातातील कामाकडे न पाहता शिक्षकाच्या मुद्रेकडे पाहू लागते. म्हणून मुलाचे निरीक्षण करावे, त्याची गती ओळखावी आणि धीर धरावा, हा शिक्षकाचा पहिला धर्म ठरला. सर्व रोग्यांना एकच मात्रा देणाऱ्या वैद्यास कोणी शहाणा म्हणत नाही. मग सर्व बालकांना एकच धडा एकाच वेळी देणाऱ्या शिक्षकास का म्हणावे?

या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती खेड्यात. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी, कोणी गुरांमागे जाई, कोणाच्या अंगावर धड वस्त्र नसे. अशा वेळी आईबापांस अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तो दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, मुलांना न्हाऊमाखू घालू लागल्या, आणि तेथल्याच अंगणात खेळ, गाणी व पाठ होऊ लागले. तीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली. भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. महागड्या साधनांची जागा शिंपले, बिया आणि खडे यांनी घेतली. साधने बदलली, मुलाविषयीचा आदर तसाच राहिला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. तिच्यामागून तिचा आत्मा कितपत गेला, हा प्रश्न कर्जतसारख्या तालुक्यात विशेष बोचतो. तेथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. चार महिने फडावर काढून परतलेले मूल आणि गावातच राहिलेले मूल एकाच वयाची असली, तरी त्यांचा अनुभव एक नसतो. पहिले मूल पाठ म्हणण्यात मागे पडलेले दिसेल. पण मोळ्या मोजण्यात आणि धाकट्यास सांभाळण्यात ते पुढेही असेल. त्यास ‘मंद’ म्हणणे हा निव्वळ अज्ञानाचा प्रकार नव्हे; तो व्यवसायधर्माचा भंग आहे.

अंगणवाडीत प्रत्येक बालकाच्या वजनाचा आलेख वेगळा ठेवतात. त्यात मुलाचे आजचे वजन त्याच्याच कालच्या वजनाशी ताडून पाहता येते. शरीरापुरता मान्य झालेला हा न्याय मुलाच्या बुद्धीला आणि मनालाही मिळावा, एवढेच बोर्डीच्या त्या अंगणाचे मागणे होते.