रोसालिया कोण आहे? फ्लामेंको शिकलेली मुलगी 'लॅटिन' स्टार झाली, आणि 'हे संगीत कुणाचं?' हा वाद सुरू झाला

'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधलं 'सेन्योरिटा' आठवतंय? त्यात हृतिक, फरहान आणि अभयसोबत एका बाईचा खणखणीत स्पॅनिश आवाज ऐकू येतो. तो मारिया देल मार फर्नांडेस या फ्लामेंको गायिकेचा. आपल्यापैकी अनेकांची फ्लामेंकोशी ओळख तिथेच झाली आणि तिथेच थांबली.

गेल्या काही वर्षांत हा प्रकार जगभरातल्या तरुणांच्या प्लेलिस्टमध्ये पोहोचवला तो रोसालियाने. तिने फ्लामेंकोमध्ये रेगेटन, बचाता, बोलेरो असे लॅटिन अमेरिकी प्रकार मिसळले. त्यासाठी तिला मोठे पुरस्कार मिळाले आणि त्याचसाठी तिच्यावर टीकाही झाली. दोन्ही का झालं, ते समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

पूर्ण नाव रोसालिया विला तोबेया. जन्म २५ सप्टेंबर १९९२ चा. ती बार्सिलोनाजवळच्या सांत एस्तेवे सेसरोविरेस या गावात वाढली. हा भाग कातालोनियाचा, म्हणजे स्पेनच्या ईशान्येचा. फ्लामेंकोचं माहेर आंदालुसिया, ते थेट दक्षिणेला. पण विसाव्या शतकात कामाच्या शोधात लाखो आंदालुसी लोक कातालोनियात आले आणि सोबत त्यांची गाणीही आली.

तेराएक वर्षांची असताना मित्रांच्या गाडीतून तिच्या कानावर कामारोन दे ला इस्ला या दिग्गज गायकाचा आवाज पडला आणि तिने फ्लामेंको शिकायचं ठरवलं. किशोरवयातच तिच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर ती गाणं जणू नव्याने शिकली. पुढे बार्सिलोनाच्या 'एस्मुक' या संगीत महाविद्यालयात तिने फ्लामेंको गायनाचं पद्धतशीर शिक्षण घेतलं. तिथले तिचे गुरू होसे मिगेल विस्काया, म्हणजेच 'एल चिकी'.

फ्लामेंको नेमकं काय असतं?

गाणं, गिटार, नाच आणि टाळ्या हे त्याचे चार खांब. या टाळ्यांना 'पाल्मास' म्हणतात. त्या दाद म्हणून नसतात, तो तालच असतो. 'बुलेरिया' या प्रकारात १२ मात्रांचं आवर्तन असतं. आपल्या एकतालातही १२ मात्रा असतात, पण बुलेरियात जोर वेगळ्या जागी पडतो आणि लय बरीच वेगवान असते.

फ्लामेंको घडवण्यात सर्वात मोठा वाटा हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा समाजाचा. या समाजाचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातून निघाले, असं भाषेच्या अभ्यासातून दिसतं. रोमानी भाषेत पाण्याला आजही 'पानी' म्हणतात.

२०१० मध्ये युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पदवीच्या प्रोजेक्टपासून ग्रॅमीपर्यंत

२०१७ मध्ये तिचा पहिला अल्बम आला, 'लोस आंखेलेस'. राउल रेफ्रीची गिटार आणि तिचा आवाज, बाकी जवळपास काही नाही. विषय होता मृत्यू.

२०१८ मध्ये आला 'एल माल केरेर'. हा मुळात तिचा पदवीचा प्रोजेक्ट. आधार होता तेराव्या शतकातल्या 'फ्लामेंका' या काव्यकथेचा, ज्यात मत्सरी नवरा बायकोला बुरुजात कोंडून ठेवतो. (नाव सारखं असलं तरी त्या कथेचा फ्लामेंको संगीताशी संबंध नाही.) अल्बममध्ये ११ गाणी आणि प्रत्येक गाणं म्हणजे एक प्रकरण. त्यातलं 'मालामेंते' प्रचंड गाजलं. त्यात पाल्मासच्या खाली इलेक्ट्रॉनिक बेस वाजतो.

२०१९ मध्ये जे बाल्विन या कोलंबियन गायकासोबतचं 'कोन आल्तूरा' आलं. हे सरळ रेगेटन होतं. यूट्यूबवर त्याने १०० कोटी व्ह्यूज ओलांडले. त्याच वर्षी 'एल माल केरेर' लॅटिन ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' ठरला आणि २०२० मध्ये त्याला ग्रॅमीही मिळाला.

२०२२ च्या 'मोतोमामी'मध्ये रेगेटन, बोलेरो, 'द वीकेंड'सोबतचा बचाता आणि चक्क एक बुलेरिया, असं सगळं एकत्र आलं. लॅटिन ग्रॅमीचा सर्वोच्च अल्बम पुरस्कार तिला दुसऱ्यांदा मिळाला.

मग वाद कशाचा?

वाद दोन आहेत.

पहिला हितानो समाजाकडून. रोसालिया स्वतः हितानो नाही आणि आंदालुसीही नाही. तरी ती आंदालुसी उच्चारात गाते आणि सुरुवातीच्या व्हिडिओंमध्ये त्या संस्कृतीच्या खुणा वापरते, असा आक्षेप आहे. याला मोठा इतिहास आहे. १७४९ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने एका मोहिमेत हजारो हितानोंना पकडून कैदेत टाकलं होतं. घर आणि नोकरी मिळवताना या समाजाला आजही भेदभाव सोसावा लागतो. कार्यकर्त्यांचं म्हणणं असं की, ज्या खुणांमुळे आम्हाला हिणवलं गेलं, त्याच खुणा दुसऱ्याच्या अंगावर फॅशन ठरतात.

दुसरा वाद 'लॅटिन' या शब्दाचा. लॅटिन ग्रॅमी स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषेतल्या संगीतासाठी असतो, त्यामुळे स्पेनची गायिका नियमात बसते. पण रेगेटन वाढलं पनामा आणि पोर्तो रिकोच्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये. १९९० च्या दशकात पोर्तो रिकोत पोलिसांनी या गाण्यांच्या कॅसेट जप्त केल्या होत्या. हे बेट १८९८ पर्यंत स्पेनचीच वसाहत होतं. म्हणून एका गोऱ्या युरोपियन गायिकेने त्याच संगीतावर पुरस्कार घेणं अनेकांना खटकतं.

यावर, संगीत कुणा एकाच्या मालकीचं नसतं, अशी रोसालियाची भूमिका राहिली आहे.

तिचं म्हणणं बरोबर आहे का?

अर्धं नक्कीच. फ्लामेंको कधीच 'शुद्ध' नव्हतं. क्युबाकडून आलेली 'ग्वाहिरा' त्यात शंभरहून जास्त वर्षं गायली जाते. अशा प्रकारांना स्पेनमध्ये 'गेलेली आणि परत आलेली गाणी' म्हणतात. आज फ्लामेंकोची ओळख वाटणारी 'काखोन' ही लाकडी पेटी तर पेरूची. पाको दे लुसियाने ती १९७० च्या दशकात फ्लामेंकोत आणली.

म्हणजे मिसळण्यावर आक्षेप घेण्यात फारसा अर्थ नाही. उरलेला प्रश्न मात्र खरा आहे. त्या मिश्रणातून येणारा पैसा, मंच आणि नाव कुणाला मिळतं? रोसालियाची मेहनत आणि शिक्षण अस्सल आहे, पण तिच्याइतकी दारं किती हितानो गायिकांसाठी उघडली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

सध्या ती काय करतेय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचा चौथा अल्बम 'लुक्स' आला. यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे आणि गाणी डझनभर भाषांत आहेत.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर आधी 'मालामेंते', मग 'मोतोमामी'मधलं 'बुलेरियास' ऐका. त्यानंतर कामारोन दे ला इस्ला नक्की ऐका. तो स्वतः हितानो होता, आणि रोसालियाने जिथून सुरुवात केली तो आवाज त्याचाच.