दमाचा खेळ: हुतूतू ते कबड्डी

भाताची कापणी उरकली की पनवेल तालुक्यातल्या गावांत मैदानं आखली जातात आणि मंडळांचे कबड्डीचे सामने रंगू लागतात. आज हे सामने एकाच प्रमाण नियमावलीने चालतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र तसं नव्हतं. महाराष्ट्रात हुतूतू म्हणून खेळल्या जाणाऱ्या या खेळात, गडी बाद झाला म्हणजे पुढे त्याचं काय, यावरूनच तीन प्रकार पडले होते. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी परत मैदानात येई. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावं लागे. अमरमध्ये तो बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई.

व्यायामशाळांतल्या मंडळींनी या प्रकारांना एका नियमावलीत आणायला घेतलं. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम सुधारून अखिल भारतीय स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, संघटक बुवा साळवींनी खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचलं आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. प्रमाण नियमांत संजीवनीचं तत्त्व टिकलं.

बाद होण्याचा अर्थच निराळा असलेले हे तिन्ही प्रकार मग एकच खेळ कसे? विटगेनश्टाइन या तत्त्वज्ञाच्या मते सगळ्या खेळांना लागू पडेल असा एकच गुण सापडत नाही. बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) या पुस्तकात त्याला उत्तर दिलं: नसती अडचण आपखुशीने पत्करून तिच्यावर मात करायची धडपड म्हणजे खेळ.

हुतूतूत ती अडचण म्हणजे दम. समोरच्याला शिवून परत यायचं तर मोकळा श्वास घेत धावणं कितीतरी सोपं. तरी चढाईला गेलेला गडी एका दमात, तोंडाने घोष करत आत शिरतो. संजीवनी, गामिनी, अमर यांचं बाकी कशावरही जमलं नाही तरी ही अट तिघांनाही मान्य होती. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली, मातीच्या जागी मॅट आली. गुणांची पद्धत, वेळ, मैदान यांत आणखीही बदल होतील आणि व्हावेत. पण दम काढून टाकला तर उरेल तो चांगला खेळ असेलही, कबड्डी नसेल. म्हणून पंचाने घड्याळाइतकाच कान दमाकडे द्यायला हवा.