चौकातला लाल दिवा

बर्कलेत रात्रीच्या गस्तीवर निघालेल्या शिपायाला एक सवय लावून घ्यावी लागे. चालता चालता मान वर करून चौकाकडे बघायचं. चौकाच्या मधोमध तारेवर लाल दिवा टांगलेला असे. तो विझलेला असेल तर आपली वाट धरायची. उघडझाप करू लागला, तर ती खूण आपल्यासाठीच आहे ना हे ओळखायचं, जवळच्या खांबावरची पेटी उघडायची, आतला टेलिफोन उचलून ठाण्याला विचारायचं : काय झालंय आणि कुठं जायचं? या दिव्यांची कळ ठाण्यात होती. हे 1906 च्या सुमाराचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं, विद्यापीठाच्या आधाराने वाढलेलं हे गाव तेव्हा लहानच होतं. 1900 च्या जनगणनेत तिथं 13,214 माणसं मोजली गेली होती. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव म्हणा ना.

दिवा येण्याआधी ठाण्यातून बाहेर पडलेला शिपाई परत येईपर्यंत हरवल्यातच जमा असायचा. एखाद्या घरात चोर शिरला आणि घरमालकाने टेलिफोन केला, की बातमी ठाण्याला कळे. पण धावून जायचं ज्याने, तो दोन गल्ल्या पलीकडे शांतपणे चालत असे. त्याला गाठायला आणखी एक माणूस पाठवावा लागे. एवढ्या वेळात चोर खाडीच्या काठाला पोचलेला असायचा. दिव्याने हीच अडचण सोडवली. बर्कलेत हा दिवा आणणारा माणूस मुळात पोलीस नव्हताच. तो पोस्टमन होता.

ऑगस्ट व्हॉल्मरचा जन्म 1876 चा, न्यू ऑर्लिन्समधल्या जर्मन कुटुंबातला. शालेय शिक्षण जेमतेम. बर्कलेत भागीदारीत वैरण-सरपणाचं दुकान चालवलं, 1898 च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात फिलिपाईन्सला जाऊन लढला आणि परत येऊन टपाल वाटू लागला. 1904 मध्ये शॅटक अव्हेन्यूच्या रुळांवर एक मालवाहू डबा सुटला आणि उतारावरून प्रवासी गाडीच्या दिशेने धावू लागला. व्हॉल्मरने त्यावर उडी घेतली आणि ब्रेक आवळला. गावच्या वर्तमानपत्राचा संपादक फ्रेंड रिचर्डसन याने या धाडसी पोस्टमनला मार्शलच्या, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाच्या, निवडणुकीला उभं राहायचा आग्रह केला. एप्रिल 1905 मध्ये व्हॉल्मर निवडून आला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.

पोस्टमनला गाव जसं माहीत असतं तसं ते फौजदाराला नसतं. कुठल्या गल्लीला किती पावलं लागतात, कुठला चढ दम काढतो, दुपारी कुठली घरं रिकामी असतात, हे त्याच्या पायांना ठाऊक असतं. व्हॉल्मरने शिपायांना पहिल्याच वर्षी सायकली दिल्या त्या या पायांच्या अनुभवातून, असं मानायला हरकत नाही. लोक म्हणत, पोलीस सायकलवर शोभत नाही. पण एक शिपाई आता दोघांचा टापू सांभाळू लागला. पाठोपाठ दिवे आले. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को जमीनदोस्त झालं, निर्वासितांचे लोंढे खाडी ओलांडून बर्कलेत शिरले आणि त्यातले पुष्कळ तिथेच राहिले. 1910 ची जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या 40,434 वर गेली होती, दहा वर्षांत तिप्पट. पोलीस मात्र त्या प्रमाणात वाढणार नव्हते. दिवा, सायकल, मग 1910 नंतर मोटरसायकली आणि 1914 पर्यंत मोटारी, ही सगळी या तुटवड्याची उत्तरं होती.

बर्कलेच्या नावावर ‘जगात पहिलं’ अशी बरीच लेबलं चिकटवली जातात. ती जपून घ्यावीत. न्यूयॉर्कमध्ये थिओडोर रूझवेल्टने 1895 मध्येच सायकलस्वार पोलिसांचं पथक काढलं होतं, आणि ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात 1899 मध्ये विजेवर चालणारी पोलीस गाडी धावत होती. व्हॉल्मरचं वेगळेपण असं की मोठ्या शहरांनी जे एखाद्या पथकापुरतं केलं ते त्याने सगळ्या दलासाठी केलं आणि एकमेकांत गुंफलं. ठाण्यात गावाचा नकाशा लावला आणि गुन्हा घडेल तिथं टाचणी टोचली. टाचण्यांची गर्दी दिसेल तिथं गस्त. गुन्हेगाराची हातोटी, म्हणजे तो खिडकीतून येतो की दारातून, रात्री की जेवणाच्या वेळी, याची नोंद वेगळी ठेवली. नकाशा गस्त कुठं हवी ते सांगे, मोटार तिथं पोचवी, दिवा मधल्या वेळी परत बोलावी.

1907 मध्ये एका संशयास्पद मृत्यूच्या तपासात व्हॉल्मर विद्यापीठातल्या जाक लोब या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे गेला. आत्महत्या की खून, यावर त्याचं आणि चौकशी ज्यूरीचं जमलं नाही. ज्यूरीने आत्महत्येचा निकाल दिला. ते प्रकरण तिथंच मिटलं. पण लोबने त्याला हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन न्यायदंडाधिकाऱ्याचं पुस्तक वाचायला सांगितलं, आणि व्हॉल्मरच्या डोक्यात पुढच्या पंचवीस वर्षांचं काम पक्कं झालं. 1908 मध्ये त्याने ठाण्यातच शाळा काढली. शिपाई ड्यूटी संपवून वर्गात बसत. कायदा शिकवायला विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर किड येत. 1916 पासून हेच विषय उन्हाळ्यात विद्यापीठात शिकवले जाऊ लागले. शुक्रवारी सगळ्या दलाची बैठक भरे आणि तिथं शिपायाने साहेबाविरुद्ध बोललं तरी चाले.

त्याने कॉलेजातल्या मुलांना पोलिसात घ्यायला सुरुवात केली तेव्हा इतर शहरांतले पोलीस हसले. 1919 मध्ये त्याने वॉल्टर गॉर्डन या कृष्णवर्णीय तरुणाला घेतलं, फुटबॉलमध्ये देशभर नाव झालेला. दिवसा कायद्याचे वर्ग आणि रात्री गस्त, असं करून गॉर्डनने पदवी मिळवली. त्याच्याबरोबर काम करायला काही सहकारी कुरकुरले, तर व्हॉल्मरने त्यांना दार दाखवायची तयारी ठेवली. हाच गॉर्डन पुढं व्हर्जिन बेटांचा राज्यपाल आणि नंतर संघराज्याचा न्यायाधीश झाला. व्हॉल्मरच्या सगळ्या यंत्रांपेक्षा ही नेमणूक मोठी होती, असं म्हणावंसं वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक चीड होती. ‘थर्ड डिग्री’ हा शब्द आज मराठी घरांतही कुणाला समजावून द्यावा लागत नाही. तेव्हाच्या अमेरिकेत ठाण्याच्या मागच्या खोलीत रबरी नळीचे फटके, झोप न देणं, डोळ्यांवर दिवा रोखणं हा तपासाचा सरळ मार्ग मानला जात होता. व्हॉल्मरने आपल्या दलात ते बंद केलं. पण मारायचं नाही तर मग गुन्हेगार बोलणार कसा, हा प्रश्न शिल्लक राहत होता. 1921 मध्ये त्याच्या दलातल्या एका शिपायाने त्यावर यंत्र पुढं केलं.

जॉन लार्सन शरीरक्रियाशास्त्रातला पीएच.डी. होता आणि गणवेश घालून गस्त घालत होता. त्याआधी त्याने बोटांच्या ठशांवर प्रबंध लिहिला होता. ठशांचं शास्त्र पोलीस ठाण्यापर्यंत आलं ते कोलकात्याहून. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली ठशांचं वर्गीकरण बसवलं आणि 1897 मध्ये तिथं ठशांचा पहिला विभाग उघडला. पद्धतीला नाव हेन्रीचं लागलं. बर्कलेच्या कपाटातल्या ठशांच्या कार्डांचा उगम असा आपल्याकडे आहे.

लार्सनचं यंत्र म्हणजे दंडाला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा, छातीभोवतीची नळी आणि काजळी धरलेल्या कागदाचं फिरतं रीळ. दोन सुया त्या काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा ओढत : एक नाडीची, एक श्वासाची. पहिलं मोठं प्रकरण कॉलेज हॉल या मुलींच्या वसतिगृहातलं. महिनोन्‌महिने पैसे, रेशमी कपडे आणि शेवटी चारशे डॉलरची हिऱ्याची अंगठी गेली होती. लार्सनने मुलींना एकेक करून खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले, उत्तर फक्त हो किंवा नाही. अधेमधे गणित आवडतं का असला बिनमहत्त्वाचा प्रश्न, मग एकदम चोरीचा. एका मुलीच्या वेळी रेघ विस्कटली. ती चिडून उठली आणि कागदावर धावून गेली. पुढच्या काही दिवसांत तिला पुन्हा पुन्हा बोलावून विचारलं गेलं. तिने कबुली दिली आणि कॉलेज सोडलं. तक्रारदार मुलींपैकी एकीशी लार्सनचं पुढं लग्न झालं. वर्तमानपत्रांना यंत्र सापडलं, आणि यंत्राला नाव मिळालं ‘लाय डिटेक्टर’.

त्या खोलीत काठी नव्हती, ही खरोखरच मोठी गोष्ट. पण रेघ खोटेपणाने हलली, भीतीने हलली की आधीच्या आयुष्यातल्या एखाद्या दुखण्याने, हे सुईला कसं कळावं? कबुली सुईने मिळवली नव्हती, त्यानंतरच्या प्रश्नांनी मिळवली होती. लार्सनला हे लवकर उमगलं आणि त्याने उरलेलं आयुष्य आपल्याच यंत्राच्या गैरवापराविरुद्ध बोलण्यात घालवलं. त्याचा तरुण मदतनीस लिओनार्ड कीलर याने ते सुटसुटीत केलं, विकलं आणि देशभर नेलं. 1923 मध्येच वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रक्तदाबावरून खोटं ओळखण्याची आधीची एक चाचणी पुरावा म्हणून नाकारली होती. तिचा कर्ता विल्यम मार्स्टन. त्यानेच पुढं ‘वंडर वूमन’ ही चित्रकथा निर्माण केली आणि नायिकेच्या हाती खरं बोलायला लावणारा दोर दिला.

त्याच बर्कलेत त्याच वर्षी शास्त्राने दुसऱ्या वाटेने काय साधतं तेही दिसलं. ऑक्टोबर 1923 मध्ये ओरेगनच्या एका बोगद्यात टपालगाडीवर दरोडा पडला, चार माणसं मारली गेली. जागेवर एक मळकी डांगरी सापडली. तिच्यावरचे डाग ग्रीसचे समजून पोलिसांनी एका मोटार मेकॅनिकला धरलं. डांगरी बर्कलेला एडवर्ड हाइनरिख या रसायनतज्ज्ञाकडे आली. डाग फर वृक्षाच्या चिकाचे निघाले, म्हणजे घालणारा लाकूडतोड्या. पेन्सिलच्या अरुंद खिशातून घडी घातलेली रजिस्टर टपालाची पावती निघाली, आणि तिच्यावरून तीन भावांचा माग लागला. ते 1927 मध्ये पकडले गेले. मेकॅनिक सुटला. कपड्याला विचारलेला प्रश्न आणि माणसाच्या नाडीला विचारलेला प्रश्न यांतलं अंतर इथं कळतं : कपडा घाबरत नाही.

1923 मध्ये लॉस एंजेलिसने व्हॉल्मरला एका वर्षासाठी बोलावलं. तिथं हजारो शिपाई होते, राजकारणी होते, दारूचा पैसा होता. वर्ष संपताच तो परतला, आणि त्याने बसवलेलं बरंचसं मागे टिकलं नाही. दिवे, मोटारी, नकाशे तिथंही लावता आले असते. शुक्रवारच्या बैठकीला साहेबासमोर तोंड उघडणारा शिपाई विकत घेता येत नव्हता. 1931 मध्ये विकरशॅम आयोगाने अमेरिकी पोलिसांच्या मारहाणीवर अहवाल काढला तेव्हा त्याच आयोगासाठी पोलीस दलांवरचा खंड व्हॉल्मरने लिहिला. 1932 मध्ये तो निवृत्त झाला आणि जेमतेम शाळा शिकलेला हा माणूस बर्कले विद्यापीठात पोलीस प्रशासनाचा प्राध्यापक म्हणून शिकवू लागला. 1955 मध्ये पार्किन्सन आणि कर्करोगाने जर्जर होऊन त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं.

त्याच्यावर अलीकडे टीकाही होते आणि ती टाळण्यासारखी नाही. टाचण्यांचा नकाशा, फिरती पथकं, अचानक छापा हे फिलिपाईन्सच्या युद्धातून आलं होतं, आणि तो स्वतः ते मान्य करी. परक्या देशातल्या लोकांवर वापरलेली रीत आपल्याच गावच्या गल्लीत आणली की कुठल्या वस्तीत टाचण्या जास्त दिसणार, हे शोधणाऱ्याच्या नजरेवरही ठरतं. व्हॉल्मरचे पहिले छापे चिनी वस्तीतल्या जुगारअड्ड्यांवर होते.

लार्सनच्या सुईचा प्रवास आपल्यापर्यंत आला. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा सुनावली आणि त्यावर जगभर चर्चा झाली. पोलिसांपुढची कबुली आपला पुराव्याचा कायदा 1872 पासून मानत नाही. मग शरीराकडून काढून घेतलेल्या कबुलीचं काय? 5 मे 2010 रोजी ‘सेल्वी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं. लाय डिटेक्टर, नार्को आणि मेंदूची चाचणी, यांपैकी कशासाठीही भारतात कुणालाही त्याच्या संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि संमतीने बसवलं तरी चाचणीचा निकाल हा स्वतः पुरावा ठरत नाही.