मिनिकॉयला जाताना...

लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला असलेले मिनिकॉय कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. येथे विमानतळ नसल्याने पर्यटकांना जहाजानेच जावे लागते. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या भारतीयांनाही प्रवेश परवाना बंधनकारक आहे. तो हाती येण्यापूर्वी परतीची तिकिटे काढू नयेत. पावसाळ्यात समुद्र खवळतो, जहाजांचे वेळापत्रक कोलमडते. त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सोयीचा. तरीही परतीसाठी एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत.

बेटावरील वस्ती जवळजवळ पूर्णतः मुस्लिम असून भाषा महल आहे. तिचे मालदीवच्या धिवेहीशी जवळचे नाते आहे. येथील कुटुंबपद्धती मातृवंशीय आहे. घरात स्त्रीचा शब्द मोलाचा असला, तरी पोशाखाचे संकेत सैल आहेत, असे समजू नये. गावातून फिरताना खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. पोहण्याचा पोशाख पर्यटकांच्या किनाऱ्यापुरताच ठेवावा. स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीच्या परिसरात गर्दी व गोंगाट टाळावा. मद्यबंदी असल्याने दारू सोबत नेऊ नये. प्रवाळ उचलून आणणे हाही गुन्हा आहे.

नेहमीची औषधे पुरेशी न्यावीत. गंभीर आजारात रुग्णाला मुख्य भूमीवर हलवावे लागते आणि हवामान बिघडल्यास त्याला विलंब होऊ शकतो. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच बेत आखावा. १८८५ मध्ये बांधलेले दीपगृह मात्र अवश्य पाहावे.