सात दिवसांत सीएफआयआय? झटपट ट्रेनिंगचं गणित समजून घ्या

पायलट ट्रेनिंगचे रील्स बघत असाल, तर ‘सात दिवसांत सीएफआयआय बना’ अशी जाहिरात कधीतरी समोर आली असेल. खरंच एका आठवड्यात कोणी इन्स्ट्रक्टर होतं का? चला, नीट समजून घेऊया.

सीएफआयआय म्हणजे काय?

हे अमेरिकेतलं रेटिंग आहे. तिथली विमान नियामक संस्था एफएए ते देते. हे रेटिंग असलेला इन्स्ट्रक्टर दुसऱ्या पायलटला इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग शिकवतो, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना फक्त कॉकपिटमधल्या उपकरणांवर विमान उडवायला शिकवतो.

सोलापूरकरांना होटगी रोड विमानतळाजवळची सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवत असेल. विमानांना अडथळा ठरते म्हणून ती १५ जून २०२३ रोजी पाडली. ढगात असलेल्या पायलटला अशी चिमणी दिसतच नाही. म्हणून अशा वेळी उतरण्याचा मार्ग आधीच आखलेला असतो आणि कुठे किती उंचीच्या खाली यायचं नाही, हे त्यात ठरलेलं असतं. पायलटने तो उपकरणं बघून काटेकोर पाळायचा असतो.

एवढं अवघड का?

कारण आपला कान फसवतो. विमान बराच वेळ एकसारखं वळत राहिलं, की कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच जातोय असं वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंग न घेतलेल्या २० पायलटांवर प्रयोग केला. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर सगळ्यांचा ताबा सुटला, तोही सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत!

तुमच्या फोनमधला जायरोस्कोप फोन कसा फिरला ते ओळखतो. विमानातला जायरोस्कोपही तसंच पंख किती कलले ते दाखवतो. शरीर काहीही सांगो, विश्वास त्याच्यावर ठेवायचा. ही सवय विद्यार्थ्याला लावणं हेच या इन्स्ट्रक्टरचं काम.

मग सात दिवसांत कसं होतं?

जाहिरातीतले सात दिवस हा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कमर्शियल लायसन्स आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग हातात लागतं. एफएएच्या नियमानुसार फक्त इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठीच साधारण ४० तास इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग आणि पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री उड्डाण करावं लागतं.

सीएफआयआयसाठी मात्र ट्रेनिंगच्या तासांचा वेगळा मोठा आकडा ठरलेला नाही. त्यामुळे तयारी पक्की असलेला पायलट सकाळ-संध्याकाळ एकाच इन्स्ट्रक्टरसोबत उडून काही दिवसांत परीक्षेला बसू शकतो. या दिवसांत उजव्या सीटवरून उडवणं, उडवता उडवता बोलून शिकवणं, होल्डिंग, आयएलएससारखे अप्रोच आणि एखादं उपकरण बंद पडल्यावर काय करायचं, याचा सराव होतो. लेखी परीक्षेत ७० टक्के लागतात आणि शेवटी परीक्षकासमोर चेकराइड असते.

थोडक्यात, झटपट कोर्समध्ये दिवस कमी होतात, अभ्यास कमी होत नाही.

भारतात चालेल का?

थेट नाही. भारतात शिकवायचं तर डीजीसीएचं रेटिंग लागतं. आधी असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं एएफआयआर आणि पुढे एफआयआर. एएफआयआरवाला एफआयआर असलेल्या सीनियरच्या देखरेखीखाली शिकवतो. फ्लाइंग स्कूल महाराष्ट्रातही आहेत, उदाहरणार्थ बारामती, धुळे आणि गोंदिया इथे. अमेरिकेचा स्टुडंट व्हिसा मिळाला म्हणजे तिथे नोकरीची परवानगी मिळाली, असंही समजू नका.

पैसे भरण्याआधी हे विचारा

• फीमध्ये विमानाचं भाडं आणि परीक्षकाची फी धरली आहे का?
• हवामान बिघडलं किंवा विमान दुरुस्तीला गेलं, तर वाढीव दिवसांचा खर्च कोणाचा?
• चेकराइडला नापास झालो तर पुढचा खर्च किती?
• परीक्षेची तारीख पक्की आहे, की फक्त कोर्सची?

ही उत्तरं फोनवर नको, लेखी घ्या. घरच्यांनी कर्ज काढलं असेल तर नक्कीच.

आणि एक फुकटची गोष्ट: एफएएच्या वेबसाइटवर ‘इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग हँडबुक’ आणि ‘एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक’ ही पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. आजच फोनमध्ये डाउनलोड करा. ती वाचून झाली, की जाहिरातीतले सात दिवस तुम्हाला पुरतील का, याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल.