काठीचे दुसरे टोक

महाभारताच्या अखेरच्या पर्वांत एक अंध राजा आहे आणि एक कुत्राही आहे. पण त्या दोघांची भेट व्यासांनी घातलेली नाही. आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र हस्तिनापूर सोडून वनात निघतो. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी आणि गांधारीच्या खांद्यावर हात ठेवून राजा, अशी ती वाटचाल आहे. मध्ये एकच मौसल पर्व जाते आणि महाप्रस्थानिक पर्वात पांडवांच्या मागोमाग एक कुत्रा चालू लागतो. द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, तरी तो युधिष्ठिराची साथ सोडत नाही. सोबतीवाचून चालू न शकणारा माणूस आणि सोबत न सोडणारे जनावर ह्यांची रीतसर गाठ पडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

तोवर अंधाची वाटचाल दुसऱ्याच्या खांद्यानेच व्हायची. काठीचे एक टोक आजोबांच्या हाती आणि दुसरे नातवाच्या, हे दृश्य उमरखेडच्या बाजारात काय किंवा पैनगंगेपलीकडे माहूरच्या चढावर काय, कोणाला नवे होते? एकुलत्या आधाराला आपण 'आंधळ्याची काठी' म्हणतो ते उगीच नव्हे. पण ह्या काठीच्या दुसऱ्या टोकाचा हिशेब कोणी मांडला नाही. नातवाची शाळा बुडाली आणि आजोबांचे बाहेर पडणे नातवाच्या सवडीवर राहिले. आपल्या विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. एवढी प्रज्ञा असूनही ग्रंथ वाचायला आणि मजकूर उतरवून घ्यायला डोळे दुसऱ्याचेच लागले.

व्हिएन्नात अंधांची शाळा चालवणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन ह्यांनी १८१९ साली आपल्या पुस्तकात सुचवले, की कुत्र्याच्या पट्ट्याला ताठ दांडी जोडावी, म्हणजे त्याची हालचाल धन्याच्या हाताला कळेल. ही सूचना जवळजवळ शंभर वर्षे कागदावरच राहिली. मग पहिले महायुद्ध आले आणि तोफांनी व विषारी वायूने असंख्य तरुण सैनिकांचे डोळे नेले. १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे डॉ. गेर्हार्ड श्टालिंग ह्यांनी त्यांच्यासाठी वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा काढली.

स्वित्झर्लंडमध्ये कुत्री पाळणाऱ्या डोरोथी युस्टिस ह्या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील असे काम पाहून १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक ह्या अंध तरुणाला तो वडिलांनी वाचून दाखवला. दुसऱ्याच्या मेहरबानीने चालण्याला विटलेला हा मुलगा १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कच्या बंदरालगतचा वाहनांनी गजबजलेला रस्ता त्याने वार्ताहरांदेखत तिच्या भरवशावर ओलांडला. युस्टिसबाईंना त्याने तार केली. तीत एकच शब्द होता, 'यश'. १९२९ साली ह्या दोघांच्या प्रयत्नाने अमेरिकेत पहिली शाळा निघाली. १९३१ मध्ये इंग्लंडातील वॉलसी येथे ज्यूडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा ही पहिली चार कुत्री तयार झाली.

कुत्रा धन्याला वाटेल तिथे घेऊन जातो, ही समजूत मात्र चुकीची आहे. वाट माणसाने ठरवायची; किती वळणे, कोणता कोपरा, हे त्याच्या डोक्यात हवे. कुत्र्याने खड्डा, खांब, पायरी टाळायची. रस्ता ओलांडायची वेळ माणूस वाहनांच्या आवाजावरून ठरवतो आणि हुकूम देतो. पण गाडी अंगावर येत असेल तर कुत्रा तो हुकूम पाळत नाही. आज्ञा कधी मोडावी, हीच ह्या शिक्षणातली सर्वांत अवघड विद्या. दांडी हाती असेतो तो कामावर असतो. ती उतरली की घरातले लाडके पोर होतो.

मुंबईत अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी १९०० साली अंधांची शाळा काढली; १९५२ साली तेथेच राष्ट्रीय अंध संघटना स्थापन झाली. ब्रेल लिपी आली, पांढरी काठी आली. वाटाड्या कुत्रा मात्र आपल्याकडे आजही विरळाच. फुटपाथ मोकळे नाहीत, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत आणि ह्या शिक्षणाला महिनोन्‌महिने व पुष्कळ पैसा लागतो. ह्या अडचणी खऱ्याच. पण एक अडचण आपल्या मनाची आहे. माहूरच्या दत्तप्रभूंच्या पायांशी चार कुत्री असतात आणि त्यांना आपण चार वेद मानतो. तरी जिवंत कुत्रा देवळाच्या, खाणावळीच्या किंवा एसटीच्या दारात आला, की 'हाड' हाच शब्द तोंडून निघतो.

पांढऱ्या काठीची दोन्ही टोके अंधाची स्वतःची असतात. कुत्र्याच्या दांडीचेही तसेच. कोणाच्या सवडीची वाट न पाहता घराबाहेर पडता येणे, एवढेच त्याला हवे असते. महाभारतातला तो कुत्रा शेवटी स्वर्गाच्या दारात अडवला गेला. कुत्र्यासाठी येथे जागा नाही, असे इंद्राने सांगितले, तेव्हा युधिष्ठिराने सोबत्यावाचून स्वर्गही नाकारला. उद्या एखादा अंध प्रवासी आपल्या कुत्र्यासह आपल्या दारी उभा राहिला, तर इंद्राची भूमिका आपल्याकडे येईल. तेव्हा दार उघडायचे की नाही, हे ठरवायला महाभारताचा शेवट आठवला तरी पुरे.