प्रतीक्षा, दुरुस्ती आणि निष्ठा : ठाणे–कल्याण परिसरातील प्रीमियर मोटारी

एखादी वस्तू उपयोगातून गेल्यावरही तिच्याविषयीची आसक्ती टिकून राहते, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला नवी नाही. तलवार, पालखी वा पोथी यांच्या बाबतीत या आसक्तीचा उलगडा कुलाभिमानाने किंवा धर्मभावनेने करता येतो. परंतु कारखान्यात एकाच साच्यातून हजारोंच्या संख्येने निघालेल्या यंत्राविषयी असा जिव्हाळा का निर्माण व्हावा, हा प्रश्न अधिक बिकट आहे. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकातील ‘मसल कार’ नावाने प्रसिद्ध असलेल्या मोटारी त्यांचे मालक आजही प्राणापलीकडे जपतात; आणि ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील जुन्या सोसायटीच्या आवारात एखादी फियाट वा प्रीमियर पद्मिनी कापडाखाली झाकून ठेवलेली आजही दृष्टीस पडते. एकाच प्रश्नाची ही दोन रूपे होत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या रूपाचा विचार करावयाचा असून पहिल्याचा उपयोग तुलनेपुरता केला आहे.

१. अमेरिकी उदाहरण

मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरांचे मोठ्या गाडीचे इंजिन बसवावयाचे आणि ती तरुणाला परवडेल अशा किमतीत विकावयाची, ही मसल कारची मूळ कल्पना. १९६४ सालची पाँटिॲक जीटीओ ही या वर्गातील पहिली गाडी म्हणून सामान्यतः मानली जाते. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे होते. पुढे प्लिमथ आणि डॉज या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांनी सुमारे ७ लिटरांपर्यंत मजल मारली. हा प्रकार फार काळ टिकला नाही. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट या तीन कारणांनी दहा वर्षांच्या आतच त्याचा अस्त झाला. त्यानंतर या गाड्यांविषयी जे प्रेम उत्पन्न झाले, त्याचा विषय सामर्थ्य आणि सुबत्ता हा आहे. पेट्रोल स्वस्त होते, रस्ते रुंद होते आणि निवडीला वाव होता, अशा एका अल्पजीवी काळाची ती आठवण होय.

ज्या १९६४ साली जीटीओ अवतरली, त्याच वर्षी मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११००-डी या गाडीचे उत्पादन सुरू झाले. तिचे इंजिन १,०८९ घन सेंटीमीटरांचे, म्हणजे जीटीओच्या इंजिनाच्या सुमारे एक षष्ठांश होते. सामर्थ्य आणि सुबत्ता यांचा येथे काहीच संबंध नव्हता. तरीही निष्ठा मात्र निर्माण झाली. तिचे कारण अर्थातच अन्यत्र शोधले पाहिजे.

२. कुर्ल्यातील आरंभ

हा शोध घेताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. ज्या क्रायस्लरच्या गाड्या पुढे अमेरिकेत मसल कार म्हणून गाजल्या, त्याच कंपनीशी या परिसरातील मोटारउद्योगाचे मूळ नाते होते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी हिंदुस्थानात मोटारी बनविण्याची योजना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच मनाशी बाळगली होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे पाठबळ तिला लाभले. ब्रिटिश सरकारचे मात्र लाभले नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ ही नावे मुंबई–ठाण्याच्या रस्त्यांवर रुळली ती तेव्हापासून. या भारदस्त गाड्या संस्थानिक व व्यापारी यांच्याकडे होत्या, तशा मुंबईत टॅक्सी म्हणूनही धावल्या.

त्यांची जागा लवकरच लहान गाडीने घेतली. त्यामागे सरकारी धोरण होते. १९४९ मध्ये तयार मोटारींची आयात बंद करण्यात आली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, सुटे भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम नसलेल्या जोडणी-कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला. शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना याच कारणाने बंद पडला. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून ११०० जातीची गाडी हळूहळू स्वदेशी केली. तिच्या आरंभीच्या, फुगीर नाकाच्या आवृत्तीला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. नाव कुचेष्टेचे खरे, परंतु ज्या वस्तूला लोक घरगुती नाव देतात ती त्यांनी आपल्यांत घेतलेली असते, हेही तितकेच खरे.

३. प्रतीक्षेचा काळ

१९६४ ते १९८४ ही वीस वर्षे या निष्ठेच्या घडणीच्या दृष्टीने निर्णायक होत. देशात मोटारी बनविणारे प्रमुख कारखाने तीनच होते : हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर आणि स्टँडर्ड. किती गाड्या बनवाव्या हे परवान्याने ठरे. किंमत व वाटप यांवर सरकारी नियंत्रण असे. या किमतींचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यावरून त्याचे महत्त्व कळून येईल. ग्राहकाने अनामत भरून नाव नोंदवावे आणि कित्येक वर्षे पाळीची वाट पाहावी, हा त्या काळचा परिपाठ होता.

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने या खरेदीचा अर्थ काय होता, हे एका सुपरिचित उदाहरणावरून स्पष्ट होईल. लालबहादूर शास्त्री यांनी १९६४–६५ च्या सुमारास, पंतप्रधानपदी असताना, सुमारे १२,००० रुपयांची फियाट घेतली आणि त्यासाठी बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज काढले. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. पंतप्रधानाची जेथे ही स्थिती, तेथे ठाण्यातील वकिलाची वा डोंबिवलीतील कारकुनाची कल्पना सहज करता येते.

या परिसराच्या बाबतीत आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला आगगाडी आली. तेव्हापासून येथील जीवन लोहमार्गाच्या आधाराने वाढले. कचेरीला जाणारा माणूस लोकलनेच जाई. त्यामुळे येथील कुटुंबाची मोटार रोजच्या प्रवासाचे साधन क्वचितच झाली. रविवार, लग्नकार्य, गावचा गणपती, आजारी माणसाला रुग्णालयात नेणे अशा प्रसंगांशी ती जोडली गेली. साहजिकच कुटुंबाच्या स्मृतीत तिला जे स्थान मिळाले ते वाहनाचे नव्हे, तर प्रसंगांच्या साक्षीदाराचे होय.

यांत भर पडली ती दुरुस्तीची. गाडी जुनी झाली म्हणून बदलणे शक्य नव्हते. ती टिकविणे भाग होते. कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट घासून बसविणे, सकाळच्या गारठ्यात चोक ओढून इंजिन जागे करणे, सुकाणूच्या दांड्यावरील गिअरचा अडकलेला दुवा सोडविणे ही कामे मालकाला अवगत असत. त्यापुढची कामे नाक्यावरचा मेस्त्री करी. सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात हिंडून मिळवावे लागत. अशा रीतीने गाडीचे अंतरंग मालकाला ठाऊक झाले. ज्या यंत्राचा प्रत्येक आवाज ओळखीचा आहे, त्याच्याशी माणसाचा संबंध केवळ उपयोगाचा राहत नाही.

४. एक आक्षेप

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. टंचाईतून जर निष्ठा निर्माण झाली, तर डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० येताच ग्राहकांनी प्रीमियरकडे पाठ का फिरविली? पर्याय नव्हता तोवर याच गाडीच्या नावाने लोक बोटे मोडीत होते, हेही नाकारता येत नाही. मागे वळून पाहताना दिसणारे प्रेम म्हणजे केवळ स्मरणरंजन, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर काय?

उत्तर असे की, गरज आणि निष्ठा या दोन अवस्था कालक्रमाने वेगळ्या आहेत. १९८४ पर्यंत या गाडीचा मालक बांधलेला होता; त्यानंतर तो मोकळा झाला. बहुसंख्यांनी गाडी विकली, थोड्यांनी ठेवली. ज्यांनी ठेवली त्यांनी ती निवडली, आणि निवड शक्य झाली तेव्हाच आसक्तीला निष्ठेचे रूप आले. १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव धारण केलेली ही गाडी या शतकाच्या आरंभी बंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी नोंदणीची २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. त्या वेळी लोकांनी व्यक्त केलेली हळहळ खरी होती. परंतु हळहळणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे.

सांभाळणे किती कष्टाचे, हे नियमांवरून दिसते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ठाण्याच्या एमएच-०४ व कल्याणच्या एमएच-०५ या कार्यालयांत तपासणीसाठी गाडी उभी करावी लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. परंतु हे नाव १९७४ मध्ये पडले असल्याने २०२४ पर्यंत ‘पद्मिनी’ नावाची एकही गाडी या सवलतीस पात्र होऊ शकत नव्हती. शिवाय तशी नोंद झालेली गाडी प्रदर्शन, संचलन, देखभाल अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. म्हणजे जिचे मोल रविवारच्या फेरफटक्यात होते, ती गाडी संरक्षण मिळताच फेरफटक्याला मुकते. हा पेच ध्यानात घेण्यासारखा आहे.

५. कारखान्याची बाजू

येथवर मालकाचा विचार झाला. परंतु या परिसराचा संबंध केवळ मालकीशी नाही. कल्याण–शीळ मार्गावर डोंबिवलीच्या हद्दीत प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. १९९४ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी होऊन ३०९ ही गाडी तेथे तयार होऊ लागली. कामगारांशी झालेले तंटे व आर्थिक अडचणी यांमुळे हा उद्योग चारेक वर्षांतच आटोपला. कारखान्याची विस्तीर्ण जागा पुढे ‘प्रीमियर मैदान’ या नावाने सभासमारंभांसाठी परिचित झाली आणि त्या भूमीवर आता उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातील श्रमसंबंधांचा इतिहास तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मोटार-उत्पादन विभागातील प्रोत्साहन-वेतनाच्या तडजोडीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिवाणी न्यायालयाच्या अधिकाराची मर्यादा आखून दिली. औद्योगिक कलह कायद्याने निर्माण झालेल्या हक्काची दाद त्याच कायद्याने मागावी, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. म्हणजे ज्या गाडीच्या प्रत्येक खिळ्याची माहिती मालक अभिमानाने सांगतो, तिच्या निर्मितीतील वेतनाचा वाद कायद्याच्या ग्रंथांत जाऊन बसला आहे. या दोन इतिहासांची गाठ मात्र अद्याप पडलेली नाही.

वस्तुतः मालकाची निष्ठा ही ऐतिहासिक साधन म्हणून अमूल्य असली, तरी ती अपुरी आहे. ती गाडी जपते. गाडी घडविणारे हात जपत नाही. संचलनात झळकणाऱ्या फियाटच्या शेजारी तिच्या मालकाचे नाव असते, परंतु तिच्या पत्र्याला आकार देणाऱ्या, तिचे इंजिन जुळविणाऱ्या कामगाराचे नाव नसते. तो कामगार बहुधा याच लोहमार्गावरून कामाला जात असे आणि त्याला स्वतःला ती गाडी घेणे बहुधा शक्य नव्हते. अमेरिकी मसल कारची आठवण ही सुबत्तेची आठवण आहे, असे वर म्हटले. येथील गाडीची आठवण ही टंचाईत निभावून नेल्याची आठवण आहे. निभावून नेण्याचे हे श्रेय मालक व मेस्त्री यांच्याइतकेच कामगाराचेही आहे.

या दृष्टीने अभ्यासकांपुढील काम स्पष्ट आहे. मालकांजवळील विक्रीच्या पावत्या, नोंदणीपुस्तके व दुरुस्तीच्या वह्या. परिवहन कार्यालयांतील जुनी दप्तरे. कामगार संघटनांची पत्रके व न्यायालयीन कागद. आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे राहणाऱ्या निवृत्त कामगारांच्या व मेस्त्रींच्या मुलाखती, ही साधने एकत्र आणली गेली पाहिजेत. यांतील कागद काही काळ टिकतील; माणसे तितका काळ थांबणार नाहीत. ज्यांनी १९६४ ची गाडी तरुणपणी जुळविली, ते आज ऐंशीच्या घरात वा त्यापुढे आहेत. कारखान्याची वास्तू नाहीशी झाली आहे. त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम लांबणीवर पडल्यास, जपलेल्या गाड्या तेवढ्या उरतील आणि त्या कोणी, कशा परिस्थितीत घडविल्या, हे सांगणारा कोणी उरणार नाही.